लस्पॅटरसेप्टचा गुण येतोय का? हिशेब वहीत ठेवा

बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हाडांतली मज्जा भराभर लाल पेशी बनवते, पण बऱ्याच पेशी तयार होण्याआधीच मरतात. लाल पेशी बनवायला लावणारं शरीरातलं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक आधीच वाढलेलं असतं, त्यामुळे तेच आणखी टोचून फारसं साधत नाही. लस्पॅटरसेप्ट हे इंजेक्शन शेवटच्या टप्प्यावर अडलेल्या पेशींना पुढे सरकवतं.

पहिल्या इंजेक्शनच्या आधीच्या १२ आठवड्यांची नोंद काढा: तारीख, रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन, किती मिली रक्त, वजन. नुसत्या पिशव्या मोजू नका, त्या लहानमोठ्या असतात. हिमोग्लोबिन कितीवर आलं की रक्त चढवायचं तो आकडा मध्येच बदलला, की हिशेब फसतो. आधी ९.५ ला चढवत होतात आणि आता ८.५ पर्यंत थांबलात, तर पिशव्या कमी होणारच. तो औषधाचा गुण नव्हे.

मोठ्या माणसांना सुरुवातीचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, कातडीखाली, दर ३ आठवड्यांनी. दोन डोसनंतरही रक्ताची गरज घटली नाही, तर डॉक्टर १.२५ पर्यंत वाढवतात. त्यावर तीन डोस होऊनही फरक नसेल, तर थांबवणंच योग्य. औषध फार महाग आहे, आशेपोटी ओढत नेऊ नये. ३३६ रुग्णांच्या 'बिलीव्ह' चाचणीत १३ ते २४ आठवड्यांत रक्ताची गरज किमान एक तृतीयांशाने घटली ती सुमारे २१ टक्के रुग्णांत. औषध नसलेल्या गटात ४.५ टक्के. म्हणजे १२ आठवड्यांत सहाऐवजी तेवढ्याच मापाच्या चार पिशव्या लागल्या, तर तो चांगला गुण समजा.

प्रत्येक डोसआधी हिमोग्लोबिन आणि बीपी तपासलंच पाहिजे. रक्त न चढवता हिमोग्लोबिन ११.५ वर गेलं, तर डोस पुढे ढकलतात. हाडं आणि डोकं दुखणं बऱ्याच जणांना होतं. पण एका पायाला सूज, छातीत कळ किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा: रक्ताची गाठ असू शकते. पाणथरी (प्लीहा) काढलेल्यांना हा धोका जास्त. गरोदरपणात हे औषध चालत नाही. लोह काढणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या तर घेऊच नका.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा थंड पेटीतूनच न्या. मात्र कुपी बर्फाला थेट टेकवू नका, गोठली की वाया गेली.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडे सिकलसेलचे रुग्ण जास्त. त्यांच्यासाठी हे इंजेक्शन नाही. तिथे हिमोग्लोबिन फार वाढलं की रक्त घट्ट होऊन त्रास वाढतो. त्यांनी डॉक्टरांना हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल विचारावं.