उंदराने वायरिंग कुरतडलेली पिकअप आणि मीटरमधले दिवे: या चुका टाळा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की माझ्याकडे एकाच तक्रारीच्या पिकअप गाड्या येऊ लागतात. रात्रभर लिलावासाठी उभी असलेली गाडी सकाळी चालू करावी, तर मीटरमध्ये इंजिनाचा, एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) आणि कधी बॅटरीचाही दिवा एकदम लागलेला असतो. बोनेट उघडल्यावर कडब्याच्या काड्या, कांद्याची टरफले आणि अर्धवट सोललेल्या वायरी दिसतात, म्हणजे इंजिनाच्या उबेला उंदीर येऊन गेलेला असतो. मूळ नुकसान बहुधा तीन-चार वायरींचेच असते. पण गाडी माझ्यापर्यंत पोहोचते तेव्हा मधल्या घाईने ते दुप्पट झालेले असते, आणि त्याचा भुर्दंड ज्याच्या गाडीचा हप्ता अजून चालू आहे अशा माणसाला बसतो, याचे मला वाईट वाटते.

गाडीचा संगणक तपासणारा स्कॅनर लावताच त्यावर दिसणारे दोषाचे कोड पुसून टाकणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. कोड पुसला की तो नोंदला गेला त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान आणि भार यांची नोंदही जाते, आणि दोष शोधायचा धागाच हातातून सुटतो. दिवा विझला म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि दोन दिवसांनी परत येते. मी आधी चावी फिरवून मीटरचा फोटो काढतो, मग सगळे कोड वहीत उतरवतो आणि काम पूर्ण होईपर्यंत पुसण्याच्या बटणाला हात लावत नाही.

त्याहून महाग पडणारी चूक म्हणजे कोडामध्ये ज्या सेन्सरचे नाव आले तो सेन्सर बदलून टाकणे. कोड सर्किटमधला दोष सांगतो. तो दोष सेन्सरमध्ये आहे, कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) आहे की वायरीत, हे माणसानेच शोधायचे असते. गेल्या डिसेंबरात मोहोळकडचे एक शेतकरी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, “मिस्त्री, दोन सेन्सर बदलून झाले, तरी गाडी चाळीसच्या म्होरं पळंना.” आधीच्या गॅरेजमध्ये समोर दिसणाऱ्या कुरतडलेल्या वायरी टेपने गुंडाळल्या होत्या आणि इंजिनाचा दिवा कायम राहिला म्हणून एकामागून एक सेन्सर बदलले होते. स्कॅनरवर तीन वेगवेगळ्या सेन्सरांचे कोड होते. तीन सेन्सर एकाच रात्री खराब होत नाहीत, म्हणून मी तिघांत समाईक काय आहे ते पाहिले. अशा सेन्सरांना ईसीएमकडून, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडून, पाच व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि बऱ्याच गाड्यांत एकच लाइन अनेक सेन्सरांना वाटून दिलेली असते. ती कुठेही बॉडीला टेकली की तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम चुकीचे माप देऊ लागतात आणि ईसीएम गाडीची ताकद कमी करते.

चावी चालू ठेवून कपलरवर मल्टीमीटर लावला, तर पाचऐवजी जेमतेम 0.3 व्होल्ट मिळाले. मग त्या लाइनवरच्या सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत गेलो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता, तर त्याचा कपलर काढताच व्होल्टेज परत आले असते. सगळे काढूनही ते आले नाही, म्हणजे दोष वायरीत किंवा ईसीएममध्ये होता. बॅटरीचे टर्मिनल काढून, ईसीएमचा कपलर सोडून ती वायर आणि बॉडी यांच्यातला रोध मोजला, तर तो जवळजवळ शून्य होता. शेवटी इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, क्लिपने आवळलेला असतो, तिथे आरसा धरून पाहिले. नखाएवढ्या जागेत वायरीवरचे आवरण गेले होते आणि उघडे तांबे ब्रॅकेटच्या कडेला टेकून काळे पडले होते. हातभर वायर आणि अर्ध्या दिवसाची मेहनत एवढेच ते काम होते. काढलेले दोन्ही जुने सेन्सर त्यांनी पिशवीतून आणले होते; ते बसवून पाहिले, तर दोन्ही उत्तम चालले.

म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की एकापेक्षा जास्त दिवे एकदम लागले असतील तर आधी समाईक गोष्टी तपासा: फ्यूज, पाच व्होल्टची लाइन आणि अर्थिंग. स्टार्टर मारताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पिळून टेप लावलेला जॉइंट मी माझ्या टेबलावर चालू देत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि टेपचा गोंद वितळून ती घसरते. पुढे सप्टेंबरच्या पावसात पाणी शिरून तांबे हिरवे पडते आणि अधूनमधून लागणारा दिवा सुरू होतो, जो शोधणे सर्वांत कठीण असते. वायर तेवढ्याच जाडीची घ्यावी, जॉइंट क्रिंप करून किंवा डाग देऊन आतून गोंद असलेली हीट स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी, आणि शेजारच्या वायरींचे जॉइंट एका रेषेत न ठेवता मागेपुढे घ्यावेत. यात वेळ जातो, आणि जाऊ द्यावा.

गाडीतले संगणक ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि दुरुस्तीनंतरही तो पीळ तसाच राहिला पाहिजे. बॅटरी सोडून, स्कॅनर लावतात त्या ओबीडी कपलरच्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण 60 ओहम मिळतात. 120 मिळाले तर वायर कुठेतरी तुटली आहे असे समजावे.

वारंवार उडतो म्हणून दहा अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी वीसचा पिवळा टाकू नका, कारण मग फ्यूजऐवजी हार्नेस जळतो. सेन्सरच्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर मल्टीमीटर अजिबात लावू नका.

न लागणाऱ्या दिव्याकडे मात्र कोणीच पाहत नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. साध्या स्विचवर चालणाऱ्या ऑइलच्या दिव्याची वायर बॉडीला टेकली तर दिवा सतत जळतो. पण तीच वायर तुटली तर दिवा कधीच लागत नाही, आणि ऑइल संपले तरी मीटर शांत राहतो. चावी फिरवल्यावर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. उलट ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर वायर कुरतडलेली आहे हे माहीत असूनही आधी इंजिन बंद करून डिपस्टिक पाहावी आणि शक्य असेल तर गेज लावून ऑइलचा दाब मोजावा. वायरीचा संशय त्यानंतर घ्यावा.

काम संपल्यावर कोड पुसून गाडी लगेच मालकाच्या हवाली करू नये, कारण चाकाच्या सेन्सरातला दोष बहुधा गाडी पळाल्याशिवाय नोंदला जात नाही. मी पुणे रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर गाडी नेऊन आणतो, खड्ड्यातून मुद्दाम चालवतो, हार्नेस हाताने हलवून पाहतो आणि पुन्हा स्कॅनर लावतो. त्यानंतर उंदराचे घरटे काढून ती जागा धुऊन, पुसून कोरडी करतो आणि मगच चावी मालकाच्या हातात देतो.