आरशातला दिवा लागला नसला तरी मान वळवा: लेन बदलण्याची सुरक्षित पद्धत

खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडून साताऱ्याकडे निघालो होतो. उजवी लेन एका कंटेनरने धरून ठेवलेली, पुढे मधल्या लेनमध्येही गर्दी. डावीकडे जावं म्हणून आरशात पाहिलं, कुणी नव्हतं. आरशाच्या कोपऱ्यातला ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या आंधळ्या कोपऱ्यात वाहन असल्याचा इशारा देणारा, नारिंगी दिवाही लागलेला नव्हता. स्टिअरिंग जरासं वळवलं आणि मागच्या दाराच्या काचेत एक हेल्मेट दिसलं. मोटारसायकलवर नवरा-बायको, दोघांच्या मध्ये लहान मूल. मी गाडी जागेवर घेतली, ते पुढे निघून गेले. दिवा लागला तो त्यानंतर.

नव्या गाड्यांमध्ये ‘अडास’ आलं आहे, म्हणजे चालकाला मदत करणारी रडार, कॅमेरे आणि इशाऱ्यांची व्यवस्था. ती उपयोगी आहे, यात शंका नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या महामार्ग सुरक्षा संस्थेने पोलिसांकडे नोंदलेले अपघात तपासले. ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणाऱ्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्यांतले माणसं जखमी होणारे अपघात २३ टक्क्यांनी. म्हणजे फायदा खरा आहे, पण बरेच अपघात तरीही उरतातच. ते टाळायचं काम आपल्या डोळ्यांचं आणि मानेचं आहे. दिवा लागला असेल तर शेजारी कुणीतरी आहे असं धरून चाला. लागला नसेल, तर त्यावरून काहीही ठरवू नका.

आधी सीट, मग आरसे

गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाच हे करा. सीट आणि पाठ नेहमीच्या जागी आणा, कारण सीट दोन बोटं सरकली तरी आरशातलं दृश्य बदलतं. घरात दोघं-तिघं एकच गाडी चालवत असाल तर दर वेळी आरसे लावावे लागतात, त्याला इलाज नाही.

आता आतला आरसा असा लावा की मागची काच पूर्ण दिसेल. बाहेरच्या आरशांत आपल्यातल्या बहुतेकांना स्वतःच्याच गाडीचं दार आणि मागचा पत्रा दिसत असतो. तो पाहून बरं वाटतं, पण तेवढी जागा वाया जाते. अमेरिकेतले अभियंते जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये आरशांच्या भूमितीवर शोधनिबंध लिहून आरसे बाहेर वळवण्याची एक रीत मांडली. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती अशी: डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकेल इतकं झुकवा आणि उजवा आरसा बाहेर वळवत न्या. आपल्या गाडीची कड आरशाच्या काठाला जेमतेम दिसली की थांबा. मग दोन्ही सीटच्या मधोमध झुकून डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसणार नाही. पहिले दोन-चार दिवस चुकल्यासारखं वाटतं. पण मागून येणारी मोटार आतल्या आरशातून सरकते ती थेट बाजूच्या आरशात येते, आणि तिथून निसटण्याआधीच डोळ्याच्या कडेने दिसू लागते.

मोटार, बरं का. मोटारसायकल अरुंद असते, ती या रचनेतही मागच्या दाराजवळ लपू शकते. शिवाय बाहेरचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत जास्त रस्ता मावतो, पण गाडी आहे त्याहून लांब दिसते.

आपला आंधळा कोपरा स्वतः शोधा

इशाऱ्यांवर विसंबण्याआधी हा प्रयोग एकदा करायलाच हवा. सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करा, तुम्ही चालकाच्या सीटवर बसा. घरातल्या कुणालातरी मागच्या बंपरपासून शेजारच्या लेनइतकं अंतर ठेवून हळूहळू पुढे चालत यायला सांगा. आरशातून माणूस गेला की हाक मारा, डोळ्याच्या कडेला दिसला की पुन्हा हाक मारा. मधल्या पट्ट्यात जमिनीवर खडूने खूण करा. मग तिथे स्कूटर उभी करून पाहा. सगळी स्कूटर त्यात मावलेली पाहिली की मान वळवण्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. डाव्या बाजूला हा पट्टा जास्त त्रास देतो. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या मागच्या कोपऱ्याकडे पाहताना मागच्या दाराजवळचा जाड खांब, सीटची डोकी, मागे रचलेलं सामान, सगळं मध्ये येतं. आणि उजवी लेन अडवून चालणाऱ्या वाहनांमुळे आपल्याकडे ओव्हरटेक सर्रास डावीकडून होतो, जो नियमाने व्हायला नको.

गाडीत नेमकं काय बसवलं आहे ते पाहा

शोरूममध्ये सगळ्याला मिळून ‘अडास’ म्हणतात, पण कामं वेगळी असतात. ब्लाइंड स्पॉट मॉनिटर बहुधा मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत लपवलेल्या रडारवर चालतो आणि आरशात दिवा लावतो. काही गाड्यांत इंडिकेटर दिला की त्या बाजूचं कॅमेऱ्याचं चित्र स्पीडोमीटरच्या जागी येतं. ते फक्त चित्र आहे, इशारा नव्हे. होंडा सिटीच्या लेनवॉचचा कॅमेरा तर फक्त डाव्या आरशाखाली असतो, उजव्या बाजूला काही नाही. आणि लेन कीप असिस्ट, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी सोय, पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्याने पांढरे पट्टे पाहतं, शेजारी कोण आहे हे पाहणं त्याचं काम नाही. तुम्ही इंडिकेटर दिलात की ते समजतं, चालक जाणूनबुजून जातो आहे, आणि गप्प बसतं. इंडिकेटर न देता लेन कापली की स्टिअरिंग ओढल्यासारखं वाटतं, म्हणून बरेच जण ते बंदच करून टाकतात. त्यापेक्षा इंडिकेटर द्यावा.

गाडीच्या पुस्तिकेत तीन गोष्टी शोधा: कितीच्या वेगापासून इशारा सुरू होतो, मागे किती अंतरापर्यंत पाहतो, आणि कोणती वाहनं चुकू शकतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये केलेल्या चाचणीत या यंत्रणांना मोटारसायकल मोटारीपेक्षा सरासरी २६ टक्के उशिरा कळली. आपल्या रस्त्यांवर दुचाकी किती आहेत हे ध्यानात घेतलं तर हा आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

देखभालीचं थोडक्यात: मागच्या बंपरचे कोपरे चिखलाने माखू देऊ नका, तिथे स्टिकर किंवा जादा गार्ड लावू नका. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झालं की रडार तपासून द्यायला सांगा. पावसात कॅमेऱ्याची काच पुसा.

प्रत्यक्ष लेन बदलताना

सुरुवात पुढच्या वाहनापासून करा. त्याच्यापासून अंतर ठेवलेलं नसेल तर मागे बघायला सवडच मिळत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. पुढे मोकळी जागा हवी, मगच बाकीचं.

मग आतला आरसा, नंतर बाजूचा आरसा. जागा वाटली तर इंडिकेटर द्या आणि तीन सेकंद थांबा. इंडिकेटर देता देताच वळणं म्हणजे आधी कळवणं नव्हे. या तीन सेकंदांचं महत्त्व समृद्धी महामार्गावर नीट कळतं. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, अवजड वाहनांना ८०. तुम्ही ट्रकमागे ८० वर आला आहात आणि उजव्या लेनमध्ये कुणी १२० ने येतं आहे. दोघांच्या वेगात ४० चा फरक, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ३३ मीटर मागे असलेली ती गाडी तीन सेकंदांत तुमच्या दाराशी असते. बंपरमागचे काही मीटरच पाहणाऱ्या यंत्रणेला ती आत्ता दिसतच नाही. म्हणून तीन सेकंदांनी पुन्हा आरसा पाहायचा आणि ती गाडी तेवढ्यात किती मोठी झाली ते बघायचं. भरभर मोठी होत असेल तर आधी तिला जाऊ द्या.

आता मान वळवा. मागच्या काचेतून बघायचं नाही, फक्त खांद्यावरून मागच्या दाराच्या खिडकीकडे एक नजर. एका सेकंदाच्या आत डोळे पुढे. हात स्टिअरिंगवर स्थिर ठेवा, कारण मान वळते तिकडे हातही ओढला जातो. ही सवय आधी रिकाम्या रस्त्यावर करून घ्या. डॅशबोर्डवरचं कॅमेऱ्याचं चित्र पाहायचं असेल तर तेही पाहा, पण मानेच्या बदल्यात नव्हे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या तीन लेनच्या रस्त्यावर आणखी एक जागा तपासा. तुम्ही डाव्या लेनमधून मधल्या लेनमध्ये येत असता, त्याच वेळी उजव्या लेनमधला कुणी तिथेच शिरू पाहतो. तुमचं रडार शेजारची एकच लेन पाहतं, तिच्या पलीकडची नाही. दोन्ही गाड्यांचे दिवे विझलेले आणि जागा दोघांनाही रिकामी दिसते. मधली लेन धरताना पलीकडच्या लेनमधल्या गाडीचा इंडिकेटर आणि तिच्या पुढच्या चाकांचा कल पाहा.

सगळं ठीक असेल तर सावकाश, एका वेळी एकच लेन बदला. मध्येच इशारा वाजला तर झटक्याने उलटं वळवू नका, जोरात ब्रेकही नको. स्टिअरिंग हलकेच सरळ करा, आपल्या लेनमध्ये परता, मग काय होतं ते बघा. घाटात, विशेषतः बोरघाटाच्या वळणांवर, शक्यतो लेन बदलूच नका. वळणावर शेजारच्या लेनचा अंदाज डोळ्यांना आणि रडारला, दोघांनाही अवघड जातो.

दुसऱ्याच्या आंधळ्या कोपऱ्यात रेंगाळू नका

ट्रकच्या डाव्या दाराखाली, केबिनच्या अगदी पुढे आणि थेट मागे, या जागांवर त्याच्या चालकाला मोटारही दिसत नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या ट्रक-बसना ब्लाइंड स्पॉटचा इशारा सक्तीचा आहे. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं क्लिनरने केलं. डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून तो मागच्याला हाताने थांबवायचा, केबिनच्या पत्र्यावर थाप मारून चालकाला सांगायचा. आता अनेक ट्रकांवर चालक एकटाच असतो, डावीकडे पाहणारं कुणी नसतं. म्हणून ट्रकजवळ आलात की त्याच्या आरशात चालकाचा चेहरा शोधा. चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मग एक तर मागे राहा, नाहीतर उजवीकडून, हॉर्न किंवा डिपर देऊन, न रेंगाळता पुढे जा. आणि ट्रक पूर्ण ओलांडून त्याचं तोंड तुमच्या आतल्या आरशात दिसेपर्यंत त्याच्यासमोर येऊ नका.