लिनक्सवर नेट रखडतंय? आधी अडतंय कुठे ते बघा

पान उघडेना की कुणी ब्राउझर बदलतं, कुणी लिनक्सच नव्याने टाकतं. दोन्हींचा उपयोग क्वचितच होतो. गावाकडे नेट बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येतं. मग टॉवर, हॉटस्पॉट, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) आणि खुद्द लॅपटॉप, या चौघांत अडवणारा कोण ते आधी ठरवायचं. खालच्या आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा.

पण सर्वांत आधी मोबाइलमध्ये आजचा डेटा किती उरलाय ते बघा. रोजचा कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २ एमबीचं पान उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात.

कोटा रोज सकाळीच संपत असेल तर बहुधा मागच्या मागे अपडेट उतरत असतात. 'नेटहॉग्ज' हा प्रोग्राम टाकून सुडोसह (आज्ञेआधी सुडो लिहिलं की ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते) चालवला की कोण किती डेटा ओढतंय ते दिसतं. उबुंटूत सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावापुढच्या चाकावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे डेटा मोजका आहे हे लॅपटॉपला कळतं. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्ससुद्धा स्नॅपमधून (उबुंटूची प्रोग्राम पुरवणारी व्यवस्था) येतो. स्नॅपची आपोआप होणारी अपडेट थांबवायला अशी आज्ञा द्या: सुडो, स्नॅप, रिफ्रेश आणि शेवटी दोन डॅश लावून होल्ड. महिन्यातून एकदा चांगल्या नेटवर स्वतः अपडेट करा, कायमचं बंद ठेवू नका.

आता खरी तपासणी. 'आयपी राउट' ही आज्ञा द्या. 'डीफॉल्ट व्हाया' पुढे जो आकडा येतो तो तुमच्या मोबाइलचा पत्ता. त्याला पिंग करा, म्हणजे पिंग लिहून पुढे तो पत्ता द्या; उत्तर किती वेळात येतं ते दिसतं (थांबवायला कंट्रोल आणि सी). मोबाइल शेजारीच असताना उत्तर १० मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवं. ते कधी ५, कधी ३०० असं उड्या मारत असेल तर टॉवरला बोल लावू नका, घोळ वायफायचा आहे. पुष्कळदा वीज वाचवायला लॅपटॉपचं वायफाय मध्येच डुलकी घेतं. उबुंटू आणि मिंटमध्ये ईटीसीतल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात 'कॉन्फ डॉट डी' उघडा. तिथल्या 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' फाइलमध्ये ३ असेल तिथे २ करा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. इथे हमखास गोंधळ होतो. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे यूएसबी टेदरिंग. डेटा केबल लावा, मोबाइलमध्ये टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं कनेक्शन वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नुसती चार्जिंगची केबल मात्र चालत नाही.

मोबाइलचा पिंग ठीक आला की इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग करा, वीस वेळा: पिंग, डॅश सी, २०, मग पत्ता. शेवटच्या दोन ओळींत दिसणारं 'पॅकेट लॉस' (वाटेत हरवलेल्या पाकिटांची टक्केवारी) शून्याच्या वर असेल तर रेंजच कच्ची आहे. टिनाच्या छपराखाली हे हमखास होतं, कारण पत्रा लहरी अडवतो. मोबाइल टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा आणि लांब केबलने लॅपटॉपला जोडा. लाईन गेल्यावर काही वेळाने रेंजही जात असेल तर टॉवरचा बॅकअप संपतोय. तिथे तुमच्या हातात काही नाही.

आकड्याला पिंग लगेच होतो, पण 'एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी' ला केल्यावर पहिली ओळ यायलाच चार-पाच सेकंद लागतात? मग डीएनएस मंद आहे. सेटिंग्जमध्ये त्याच चाकाखाली आयपीव्ही-४ मध्ये डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१, ८.८.८.८ भरा आणि कनेक्शन बंद-चालू करा. फायरफॉक्समध्ये 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' चालू असेल तर तो सिस्टमचा डीएनएस वापरत नाही, म्हणून तेही बघा.

पिंग सगळे छान आणि तरी पानं अडखळत असतील तर यंत्राकडे वळा. 'फ्री' आज्ञा डॅश एच लावून द्या. 'अव्हेलेबल' खाली २००-३०० एमबीच उरले असतील आणि स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरत असेल तर मेमरी कमी पडतेय. ४ जीबीच्या लॅपटॉपवर वीस टॅब उघडे ठेवू नका. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोसेसेस' टाइप केलं की कोणता टॅब किती खातोय ते कळतं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकलं की मेमरी वाचते आणि डेटाही.

उन्हाळ्यात आणखी एक कारण. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे गेला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. 'एलएम-सेन्सर्स' टाकून 'सेन्सर्स' आज्ञा दिली की तापमान दिसतं. ते सारखं ९० च्या वर असेल तर पंखा बघा. ज्या घरात कापूस साठवतात तिथे त्याचे तंतू पंख्यामागच्या जाळीवर गादीसारखे बसतात. लॅपटॉप बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, पाती काडीने अडवून ठेवा आणि मऊ ब्रशने साफ करा. पाती न अडवता जोराची हवा मारली तर पंखा भन्नाट फिरून बिघडू शकतो. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, दमट हवा आत जाते.

आणि बाकी सगळं झटपट उघडतंय, फक्त महाडीबीटी किंवा सातबाऱ्याचीच साइट फिरत बसलीय, तर गर्दी त्यांच्या सर्व्हरवर आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला तसं होतंच. पहाटे पाचला प्रयत्न करा.