मंद साठा भरला आणि कार्बनचा ताळेबंद जमला

इंदूरभोवतीच्या माळव्यातील पानझडी वनांसाठी मी एलपीजे (लुंड-पॉट्सडॅम-येना) या प्रारूपाच्या धर्तीवरील, वनांची वाढ आणि कार्बनची ये-जा संगणकावर मोजणारे वनस्पती-प्रारूप चालवत होतो, तेव्हा १९०१ ते १९३० चे हवामान पुन्हापुन्हा देऊन आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण स्थिर ठेवूनही ताळेबंद शून्यावर स्थिरावण्याऐवजी ही वने सतत कार्बन शोषतच राहत. पाण्याचा हिशेब चोख होता. पालवी पावसाबरोबर फुटे, कोरड्या दिवसांत गळे. मग मातीतील कार्बनचे साठे वेगवेगळे काढून पाहिले, तर मंद साठ्याची, म्हणजे सर्वांत सावकाश कुजणाऱ्या कार्बनची, रेषा अजून चढतीच होती, कारण १० अंश सेल्सिअसला त्याच्या कुजण्याचा कालावधी १००० वर्षे धरलेला असतो. त्यात पडणाऱ्या वार्षिक सरासरी भरीला कुजण्याच्या दराने भागून येणारा कार्बन मी थेट भरला. आता वने आणि हवा यांच्यातील कार्बनची ३० वर्षांची निव्वळ देवाणघेवाण शून्याजवळ येते आणि अवर्षणाच्या वर्षातील तूटही स्वच्छ वाचता येते.