पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल बॅकअप होत नव्हती – माझा अनुभव

लक्षण असं: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, निम्म्याहून जास्त रिकामा. फोटो, उताऱ्यांचे स्कॅन सगळं कॉपी होतं. पण खानापूरच्या लग्नाचा ७ जीबीचा व्हिडिओ टाकला की 'फाइल टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टम' म्हणून अडतं.

पोर्ट बदलला, अँटीव्हायरस बंद केला, झिप केली (व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिपने आकार जवळपास तेवढाच राहतो). बेळगावातल्या एका दुकानात सरळ 'नवीन घ्या' म्हणाले. डोकं फिरलं.

खरं कारण पेनड्राइव्हची फॅट३२ मांडणी, म्हणजे फाइली साठवायची जुनी पद्धत ('फाइल सिस्टम'). तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे जात नाही. जागा कितीही असो. उपाय म्हणजे पेनड्राइव्ह फॉरमॅट करून एक्सफॅट मांडणी घ्यायची; तिच्यात ही ४ जीबीची अट नाही.

आधी पेनड्राइव्हमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून दोनचार फाइली उघडून बघा, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. मग विंडोजच्या 'धिस पीसी'त पेनड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट'. ड्राइव्हचं अक्षर पुन्हा तपासा. 'फाइल सिस्टम'मध्ये 'एक्सफॅट' निवडा, 'अलोकेशन युनिट साइझ' आहे तसं ठेवा, 'क्विक फॉरमॅट'वर खूण, 'स्टार्ट'. आता उतरवलेल्या फाइली आणि व्हिडिओ कॉपी करा. शेवटी 'इजेक्ट', पुन्हा लावून व्हिडिओ पेनड्राइव्हवरूनच मधेमधे चालवून बघा.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून हे काम बॅटरी असलेल्या लॅपटॉपवरच करावं. कॉम्प्युटरवरची मूळ फाइल मात्र पुसू नका. काही जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचता येत नाही; त्यांच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा.