चेन्नईच्या ट्रॅकवर पहिल्यांदा निघताय? जेटचा डबा घ्या

हेल्मेट, लेदर सूट, ग्लोव्हज, बूट, पाठीचा गार्ड. हे ज्याला सांगावं लागतं त्यानं अजून एक वर्ष घरीच थांबावं, म्हणून ही ओळ इथंच संपली. मला लिहायचंय ते वेगळंच. सातारा-सांगलीची पोरं चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या रेसला निघताना अख्खं गॅरेज बॅगेत कोंबतात आणि चहा-वड्याच्या पैशात येणारी एक पितळी वस्तू घरी विसरतात. कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे बारीक भोकाची पितळी नळी, जिच्यातून इंजिनला पेट्रोल जातं. आकडा मोठा तितकं भोक मोठं, पेट्रोल जास्त. एक नाही, पाच-सहा वेगवेगळ्या आकड्यांचे. मागच्या खेपेला माझेही राहिले आणि प्रॅक्टिसमध्येच इंजिन सीज झालं, म्हणजे जाम झालं. ही यादी त्यातून आलीय, त्यामुळं जेटबद्दल पुन्हा पुन्हा वाचावं लागेल. इंजेक्शनची गाडी असेल तर ते काम सेन्सर करतो, तुम्ही तेवढं सोडून वाचा.

कागद आधी. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स चालू वर्षाचं हवं, मागच्या वर्षीचं कुणी बघतही नाही. मेडिकल, आधार, रक्तगट, घरच्यांचा नंबर. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. स्पर्धेचे नियम मोबाईलवर नुसते उतरवून ठेवू नका, वाचा. खास करून तांत्रिक भाग, कारण तुमच्या गटात जेट बदलायची मुभा आहे की नाही ते तिथं लिहिलेलं असतं. स्टॉक गटात कंपनीचाच जेट ठेवायची सक्ती असू शकते. तसं असेल तर निडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप सरकवायला परवानगी आहे का ते बघा, आणि तीही नसेल तर आयोजकांना आधीच फोन करून विचारा. तिथं गेल्यावर विचारलं की उत्तर मिळतं, पण वेळ गेलेली असते.

आता जेट. कार्ब्युरेटरची गाडी घेऊन केळघरच्या घाटानं महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की वर गेल्यावर गाडी गुदमरते. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढंच येतं, मिश्रण रिच होतं म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, गाडी ओढत नाही. चेन्नईला नेमकं उलटं. सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर आहे, सांगली साडेपाचशेच्या आसपास. ट्रॅक जवळजवळ समुद्राच्या पातळीला. साताऱ्यात हवेचा दाब तिथल्यापेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे इथं एमआयडीसीतल्या गॅरेजात अगदी धारेवर लावलेली गाडी तिथं लीन होते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. लीन गाडी आधी जोरात पळते, हा त्यातला खरा घोळ. पोरगं खूश होतं, राव काय हवा आहे इथली! आणि दोन-तीन लॅपनी गाडी तापते, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन सिलिंडरला धरतो. मागचं चाक जाम होतं ते वळणातही होऊ शकतं. म्हणून टू-स्ट्रोकवाल्यांनी क्लचवर कायम दोन बोटं ठेवावीत, पण त्याआधी जेट घ्यावेत.

एवढं वाचून कुणीतरी फक्त एक मोठा जेट घेऊन जाईल. तसं करू नका. उंची एकीकडं ओढते, उकाडा दुसरीकडं. हवा तापली की पातळ होते, दमट झाली की आणखी थोडी पातळ होते. समजा तुम्ही गाडी डिसेंबरच्या पहाटे, स्वेटर घालून ट्यून केली आणि तिथं दुपारच्या ३५-३६ अंशांत रेस लागली. फरक जवळजवळ फिटतो, जेट बदलावाही लागणार नाही. पण एप्रिलच्या भर दुपारी ट्यून केली आणि तिथं सकाळच्या पहिल्या सेशनला गेलात तर उंची आणि गारवा दोन्ही एकाच बाजूला पडतात, आणि मारतात. म्हणून गाडी कधी, किती वाजता, किती तापमानात लावली ते कार्ब्युरेटरवर नाही तर निदान वहीत लिहून ठेवा. मेकॅनिकला विचारून उपयोग नाही, तो म्हणेल “बसवलाय चांगला”.

काय घ्यायचं? सध्याचा आकडा १०० असेल तर ९७.५, १०२.५, १०५, १०७.५ आणि शंभरचाच आणखी एक. बहुतेक वेळा काम एका पायरीत होतं, फार तर दोन. पण कुठली पायरी ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून सगळे. मिकुनी आणि केहिन या दोन कंपन्यांच्या कार्ब्युरेटरचे आटे वेगळे आणि आकड्यांची पद्धतही वेगळी, तेव्हा तुमच्या कार्ब्युरेटरचा जेट खोलून सोबत नेऊन दुकानात मिळवून घ्या. नकली जेटवर आकडा काहीही ठोकलेला असतो. घरी सगळे बसवून, चालवून बघा. जुन्या जेटचं भोक तारेनं मोठं करून देणारे मेकॅनिक आपल्याकडं आहेत. त्यांना नमस्कार करा आणि बाहेर पडा. पायलट जेटही (आयडल आणि कमी ॲक्सिलरेटरचा) एक मोठा ठेवा. फ्लोट बाउलचं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट किंवा रिंग जास्तीची घ्या, कारण दोनदा खोललं की ती फुगते आणि परत बसत नाही. बाउलचे फुलीच्या खाचेचे स्क्रू घरीच काढून ॲलनचे बोल्ट लावा. तिथं गरम इंजिनखाली वाकून गोल झालेला स्क्रू काढत बसलात तर सेशन गेलं. जेट डब्यात, डब्यावर नाव, आणि डबा हेल्मेटच्या आत. टूल बॉक्समध्ये ठेवाल तर टूल बॉक्सच राहील एखाद्या वेळी. हेल्मेट राहत नाही.

बाकीचे सुटे भाग तुलनेनं सोपे. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, दोन्ही लिव्हर, गिअरचा आणि ब्रेकचा पेडल, फूटपेग, कारण पडलात तर आधी हेच मोडतं. मागचं स्प्रॉकेट एक दात कमी आणि एक दात जास्त असं दोन घ्या, चेन त्या मानानं लांब ठेवा आणि लिंक वेगळी ठेवा. तिथला मुख्य सरळ पट्टा कोल्हापूरकडच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर सराव केलेल्याला फार लांब वाटेल, टॉप गिअरमध्ये गाडी नुसती किंचाळत राहायला नको. प्लग चार. टू-स्ट्रोकचं ऑइल नेहमीचंच, तिथलं वेगळं ओतू नका. आणि भीतीपोटी पेट्रोलमध्ये ऑइल वाढवू नका. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, गाडी अजून लीन. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण आहे असंच.

स्क्रूटिनीसाठी, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीसाठी, घरूनच तयार होऊन जा. आरसे, इंडिकेटर, स्टँड, नंबर प्लेट काढलेली. काचेचं काही राहिलं असेल तर त्यावर टेप. ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या आणि फिल्टरच्या झाकणाच्या बोल्टच्या डोक्याला भोक पाडून तार पिळलेली. तार अशी पिळा की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती ताणली पाहिजे. उलटी पिळलेली तार शोभेची. रेडिएटर असेल तर कूलंट काढून साधं पाणी, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की मागच्याला घसरवतं आणि सहज पुसलं जात नाही. किल स्विच चालतो का बघा. चेनपाशी बोटं जाणार नाहीत असा गार्ड लावा.

प्रवासाचं. साताऱ्याच्या बायपासवरून जाणारा एनएच ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, वेल्लोर करत थेट ट्रॅकच्या जवळून चेन्नईत शिरतो. रस्ता चुकायला जागाच नाही. सांगलीकर पेठ नाक्याला लागतात. हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, दोन ड्रायव्हर घ्या. एकट्यानं रात्रभर पिकअप हाणून सकाळी ट्रॅकवर उतरणारा शूर नसतो, मूर्ख असतो. पिकअपमध्ये गाडी बांधताना पुढचे शॉकअप पूर्ण दाबले जातील इतके पट्टे आवळू नका, नाहीतर शॉकअपची सील चेन्नईपर्यंत दाबून राहून गळायला लागते. पेट्रोलचा कॉक बंद, टाकी जवळजवळ रिकामी. नंबर प्लेट नसलेली गाडी राज्याच्या हद्दीवर दिसली की पोलीस थांबवणार, त्यांचं काय चुकलं? आरसी आणि स्पर्धेचं पत्र वरच ठेवा. रेल्वेनं पार्सल करणार असाल तर टाकी पूर्ण कोरडी लागते. कंदी पेढ्यांचा एक बॉक्स घ्या. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या लावायच्या आवारात, शेजारी तमिळ बोलत असला तरी पेढा दिल्यावर टॉर्क पाना मिळतो. जेट मात्र मिळत नाही. त्याची गाडी वेगळी, त्याचा कार्ब्युरेटर वेगळा, आणि तो समुद्रकाठीच राहतो, त्याला डबा लागतोच कशाला?

पोचल्यावर पहिलं काम टायरची हवा. स्वतःचं मीटर न्या. इथं भरलेली हवा तिथं मीटरवर साधारण एक पीएसआय कमी दिसते, तीही उंचीमुळंच, पण ऊन लागलं की दाब वर चढतो. सावलीत, थंड टायरवर मोजा आणि तेच मीटर शेवटपर्यंत वापरा. शेजाऱ्याच्या मीटरशी तुलना करत बसू नका.

मग ट्रॅक. ३.७१७ किलोमीटर, बारा वळणं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. परवानगी असेल तर संध्याकाळी पायी फिरा, स्कूटीवर नाही. पायी फिरल्यावरच डांबराचे ठिगळ, कर्बची (वळणाच्या कडेच्या रंगीत पट्टीची) उंची, पाणी साचणारी जागा आणि झेंडेवाले कुठं उभे राहणार ते कळतं. व्हिडिओ बघून वळणांचा क्रम पाठ होतो, पण चढ-उतार आणि बँकिंग दिसत नाही. प्रत्येक वळणाला ब्रेकची एक खूण ठरवा आणि ती जमिनीत रुतलेली असू दे. कर्बची सुरुवात, भेग, फलक. सावली नको, ती दुपारी सरकते. उभी असलेली ॲम्ब्युलन्सही नको. मुख्य सरळ पट्टा संपल्यावरचं पहिलं वळण वेगाचं आहे, तिथं पहिल्या दिवशी कुणाच्याही मागं लागू नका. उजवी वळणं जास्त, त्यामुळं टायरची डावी बाजू उशिरा तापते, पहिल्या लॅपला डाव्या वळणात हात आखडता ठेवा.

प्रॅक्टिसचं पहिलं सेशन लॅपचा चांगला वेळ काढण्यासाठी नाहीच. ते जेटसाठी. मोठ्यापासून सुरुवात करा, रिचकडून खाली या. रिच गाडी फक्त हळू पळते, लीन गाडी इंजिन खाते. आयोजक स्वतःचं पेट्रोल देणार असतील तर तेच टाकीत भरून बघा, घरून आणलेल्या पेट्रोलवर केलेली तपासणी फुकट. नवा प्लग लावा, सेशनच्या शेवटी पिटच्या आधीच्या सरळ पट्ट्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर धरा, मग हात वर करून रेसिंग लाइन सोडा, क्लच दाबा, किल स्विच मारा आणि तशीच गाडी पिटमध्ये घरंगळत आणा. हळूहळू चालवत, आयडलवर आणलेला प्लग काहीही सांगतो. काळा, काजळी धरलेला असेल तर एक पायरी खाली. चॉकलेटी असेल तर हात लावू नका. पांढरट किंवा वर बारीक चमकते ठिपके दिसले तर ताबडतोब मोठा जेट, आणि कुणी “अजून एक लॅप मारून बघ” म्हटलं तर ऐकू नका. गाडी थोडी गार होऊ द्या, बाउलमधलं पेट्रोल बाटलीत काढा, सिगारेटवाल्याला लांब पाठवा, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा. जेट हातानं बसवून पान्यानं हलकेच आवळा, पितळ आहे. सकाळी एक आकडा बसला म्हणून दुपारी तोच चालेल असं धरू नका, रेस ज्या वेळेला आहे त्या वेळेचं बघा.

कोइम्बतूरला करी स्पीडवेला जाणार असाल तर तो ४०० मीटरच्या आसपास आहे, सांगलीकरांना फारसा फरक पडत नाही. डबा तरीही न्या.

पाणी. लेदर सुटात तिथल्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, त्यामुळं अंग गारच होत नाही. तहान लागायच्या आधीपासून ओआरएस प्या. दुपारी दहीभात, मटण रात्री. पाऊस आपल्यासारखा सप्टेंबरला संपत नाही, तिथं ऑक्टोबर ते डिसेंबर खरा मोसम, रेनकोट आणि ताडपत्री त्या हिशेबानं.

रेसच्या दिवशी: ब्रीफिंगला वेळेवर जा, झेंडे पाठ ठेवा, पिवळ्याला ओव्हरटेक नाही, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅकवर तेल किंवा घसरण. ट्रान्सपॉन्डर (लॅपचा वेळ मोजणारं यंत्र) लावला का? पेट्रोलचा कॉक चालू केला का? ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत, गाडी तापत ठेवू नका. पहिल्या वळणात शहाणपणा करा, नंतर काय करायचं ते करा.

परत येताना ट्रान्सपॉन्डर जमा करा, डिपॉझिटची पावती घ्या, टाकी रिकामी करा, पट्टे आवळा. घरी आल्यावर जुना जेट परत बसवा, नाहीतर साताऱ्यात गाडी काळा धूर ओकेल आणि मेकॅनिक एअर फिल्टरला दोष देत बसेल. पक्कड आणि वायर कटर पिकअपवाल्याच्या डॅशबोर्डवर राहतात, ते गाडी सोडायच्या आधी काढून घ्या.