पन्नाशीनंतरची पाठ: आधी भिंतीशी मोजा

‘वय झालं की पोक यायचंच’ असं म्हणत वडोदऱ्यातल्या मराठी घरांत मोडलेला मणकाही खपून जातो. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झपाट्यानं विरळ होतात. मणक्याची पुढची बाजू दबून तो पाचरीसारखा होतो, आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. म्हणून दुखण्याची वाट न बघता मोजायचं.

अनवाणी पायांनी भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभ्या राहा. नजर समोर. हनुवटी वर करून डोकं टेकवलंत तर ती फसवणूक. डोकं सहज टेकत नसेल तर मधलं अंतर घरातल्या कुणाला पट्टीनं मोजायला सांगा. मग कुशीत हात ठेवून बघा: शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांत दोन बोटं मावायला हवीत. तरुणपणीपेक्षा उंची 4 सेंटीमीटर किंवा अधिक कमी झाली असेल, तर डॉक्टरांकडून एक्स-रे आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. रिपोर्टात खुब्याचा आकडाही वाचा. झिजलेल्या मणक्यांवर हाड वाढलेलं असलं तर कंबरेचा आकडा उगीच चांगला दिसतो.

खरं नुकसान होतं ते वाकताना. पाठ गोल करून बादली उचलली की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. खुब्यातून वाकायची सवय अशी लावा: झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा. तो डोक्याला, खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडाला टेकलेला असू द्या. आता गुडघे किंचित मोडून नितंब मागं ढकला. एक जरी जागा सुटली तरी पाठ वाकली. हाडं विरळ असतील तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि उताणं झोपून धड उचलायचे पोटाचे व्यायाम (सिट-अप्स) बंद, योगवर्गात कितीही आग्रह झाला तरी.

कमाटी बागेत रोज चालणं चांगलंच, पण पाठीचे स्नायू तेवढ्यानं घट्ट होत नाहीत. पोटाखाली उशी घेऊन पालथ्या झोपा, हात अंगालगत, छाती दोन-तीन इंच उचला, पाच मोजा, खाली या. नजर जमिनीकडेच. आठ-दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. कंबरेत कळ आली तर उंची कमी करा.

गरबा सोडू नका, हाडांना पावलांचा भार हवाच असतो. फक्त खाली वाकून वळत टाळी देण्याऐवजी ती छातीसमोर द्या.

कणीक मळायला ओटा उंच पडतो म्हणून पाटावर चढू नका. त्यावरून घसरलात तर खुबाच मोडायचा. परात जेवणाच्या टेबलावर घ्या. भांडी घासताना एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी बदला. झोपाळ्यावर तासभर बसायचं असेल तर पाठीला लोड हवा. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातानं रेटा.

खोकताना किंवा काही उचलताना पाठीत एकदम तीव्र कळ आली तर मालीश नको, एक्स-रे काढा. पाय लुळा पडला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.